फॉक्सप्रोमध्ये इंडेक्सवरून ‘अमुकपासून तमुकपर्यंत’च्या नोंदी काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीच्या मार्केट यार्डातील किंवा पिंपळगाव-लासलगावकडील आडत पेढी असो, गल्लीतील पतसंस्था असो, नाहीतर सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील लहानसा कारखाना असो, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला हिशोबाचा प्रोग्रॅम जिथे अजून रोज उघडला जातो, तिथे तो सांभाळणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. इंडेक्स म्हणजे नोंदींची ठराविक क्रमाने लावलेली सूची. उदाहरणांत सर्वत्र शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्यांचे एकच टेबल धरले आहे. त्यात सहा अक्षरी खाते क्रमांक, पट्टीची तारीख, पट्टी क्रमांक, माल, वजन, भाव आणि वाहन क्रमांक अशी फील्ड आहेत. कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रोग्रॅममध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

रेंज काढण्यासाठी इंडेक्सच कशाला हवा? सगळे टेबल वाचून हव्या त्या नोंदी वेचल्या तर काय बिघडते?

टेबल लहान असेल तर काहीच बिघडत नाही. समजा, टेबलात ३,००,००० पट्ट्या आहेत आणि एक नोंद १२० बाइटची आहे. पूर्ण टेबल वाचायचे म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट वाचायचे. एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या १५० पट्ट्या मात्र १८,००० बाइटमध्ये मावतात. फॉक्सप्रोत डेटाबेस सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम नसतो. सर्व्हर म्हणून ठेवलेल्या मशीनवर नुसती फाइल असते आणि नोंदी निवडण्याचे काम प्रत्येकाच्या समोरचा संगणक स्वतः करतो. त्यामुळे वाचलेला प्रत्येक बाइट नेटवर्कच्या वायरीतून जातो, आणि लिलावानंतर चार जण एकाच वेळी पट्ट्या काढायला बसले की हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सीडीएक्स या इंडेक्सच्या फाइलमधील इंडेक्स ५१२ बाइटच्या पानांमध्ये झाडासारखा रचलेला असतो. वरच्या पानावरून खालच्या पानावर असे उतरत गेले की लाखो नोंदींतूनही तीन-चार पानांत हवी ती जागा सापडते, आणि तेथून पुढची मूल्ये क्रमानेच मांडलेली असतात. रेंज काढायची म्हणजे सुरुवातीची जागा शोधायची, ओळीने पुढे जायचे आणि हद्द संपली की थांबायचे. जवळपास सगळ्या अडचणी या तीनपैकी कुठेतरी उगवतात, आणि बहुतेकदा त्यांचे मूळ कमांडमध्ये नसून इंडेक्स ज्या सूत्रावर बांधला आहे त्या सूत्रात असते.

एका खात्याच्या ठराविक काळातील पट्ट्या काढण्याची सर्वांत भरवशाची पद्धत कोणती?

खाते आणि तारीख यांचा जोड-इंडेक्स करावा, सीक कमांडने पहिली जागा गाठावी आणि स्कॅन-व्हाइलने पुढे जावे. इंडेक्सचे सूत्र ‘खाते + डीटीओएस(तारीख)’ असे ठेवावे (डीटीओएस तारखेचा मजकूर करते) आणि त्या टॅगला, म्हणजे फाइलमधील त्या इंडेक्सला, खातेतारीख असे नाव द्यावे. मखाते, मपासून आणि मपर्यंत यांत वापरणाऱ्याने मागितलेले खाते व दोन तारखा आहेत असे धरले, तर प्रोग्रॅम असा होतो :

सिलेक्ट पट्टी
सेट ऑर्डर टू टॅग खातेतारीख
सेट नियर ऑन
मखाते = पॅडआर(मखाते, ६)
सीक मखाते + डीटीओएस(मपासून)
स्कॅन रेस्ट व्हाइल खाते = मखाते अँड तारीख <= मपर्यंत
   … पट्टीची ओळ छापणे, बेरीज करणे …
एंडस्कॅन
सेट नियर ऑफ

पॅडआरची ओळ उजवीकडे मोकळ्या जागा भरून खाते सहा अक्षरी करते. ती अनेकांना अनावश्यक वाटते आणि प्रोग्रॅम आटोपशीर करताना तीच पहिली उडवली जाते. ती उडवू नये. सेट एक्झॅक्ट ऑफ असताना फॉक्सप्रो ‘=’ या चिन्हाने तुलना करताना उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच पाहतो. त्यामुळे ‘के१२’ एवढेच टंकले तर के१२ बरोबर के१२०, के१२५ ही खातीही ‘बरोबर’ ठरतात. वापरणाऱ्याने खात्याची चौकट रिकामीच सोडली आणि मोकळ्या जागा छाटून ते मूल्य तुलनेत गेले, तर उजवीकडे काहीच उरत नाही आणि प्रत्येक नोंद त्या अटीत बसते. एका शेतकऱ्याचा उतारा मागितला आणि प्रिंटरमधून अख्ख्या गावाचा निघू लागला, तर आधी ही ओळ तपासावी.

व्हाइल लिहिल्यावर स्कॅन चालू नोंदीपासूनच पुढे सरकतो, म्हणून ‘रेस्ट’ हा शब्द नसला तरी चालते. सहा महिन्यांनी प्रोग्रॅम वाचणाऱ्याला मात्र तो उपयोगी पडतो.

१ तारखेला पट्टीच नसेल तर पूर्ण महिन्याचा रिपोर्ट कोरा का येतो?

सेट नियर ऑफ असेल तर सीक अचूक मूल्यच शोधते. १ एप्रिलला लिलावाला सुट्टी असल्यामुळे त्या खात्यावर त्या दिवशी नोंद नसेल, तर सीक अपयशी ठरते, पॉइंटर, म्हणजे चालू नोंदीची खूण, टेबलाच्या शेवटी जाऊन बसतो आणि स्कॅन एकही फेरी न करता संपतो. २ एप्रिलपासूनच्या पट्ट्या टेबलात धडधाकट असतात, पण त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही.

सेट नियर ऑन केल्यास अचूक मूल्य न सापडल्यावर पॉइंटर त्यानंतरच्या सर्वांत जवळच्या मूल्यावर थांबतो. अशा वेळी फाउंड हे फंक्शन ‘नाही’ असेच उत्तर देते. म्हणून सीकनंतर ‘जर फाउंड असेल तरच पुढे जा’ अशी अट घातलेली असेल, तर नियर ऑन करूनही रिपोर्ट कोराच राहतो. रेंजच्या कामात फाउंडला विचारूच नये. नोंद आपल्या हद्दीत आहे की नाही हे व्हाइलची अट ठरवते. जवळची नोंद दुसऱ्याच खात्याची निघाली तर ती अट पहिल्याच फेरीत खोटी ठरते आणि काम बिनचूक थांबते.

नियर ही सेटिंग त्या डेटा सेशनपुरती चालू राहते, म्हणून काम झाल्यावर ती पूर्ववत करावी. ‘हे खाते अस्तित्वात आहे का’ असे ईओएफवरून, म्हणजे पॉइंटर टेबलाच्या शेवटी गेला का यावरून, तपासणारा जुना प्रोग्रॅम नियर ऑन राहिल्यास नसलेले खातेही आहे असे मानून चालतो.

व्हाइल आणि फॉर यांत नेमका फरक काय?

व्हाइलची अट खोटी ठरली की स्कॅन थांबतो. फॉरची अट खोटी ठरली तर तेवढी एक नोंद सोडून स्कॅन पुढे जातो. म्हणून इंडेक्सच्या क्रमाशी बांधलेल्या अटी, म्हणजे खाते आणि तारीख, व्हाइलमध्ये ठेवाव्यात आणि क्रमाशी संबंध नसलेल्या अटी फॉरमध्ये ठेवाव्यात. ‘माल = कांदा’ ही अट व्हाइलमध्ये घातली, तर त्या शेतकऱ्याची द्राक्षांची पहिली पट्टी आली की पुढच्या कांद्याच्या सगळ्या पट्ट्या गळतात. ही चूक ओळखायला अवघड असते, कारण रिपोर्ट कोरा येत नाही, अर्धवट येतो, आणि अर्धवट बेरीज खरी वाटते. एकाच स्कॅनमध्ये दोन्ही अटी बिनधास्त लिहिता येतात.

सेट फिल्टर लावल्यावर स्क्रीन अडकते. त्याऐवजी काय वापरावे?

सेट फिल्टर लिहायला सोपा असल्यामुळे जुन्या प्रोग्रॅमांत तो जागोजागी दिसतो. ब्राऊज किंवा ग्रिडमध्ये पुढची ओळ दाखवण्यासाठी अटीत बसणारी नोंद सापडेपर्यंत तो एकेक नोंद तपासत जाऊ शकतो. इंडेक्सचा क्रम लावलेला असेल आणि हव्या त्या नोंदी टेबलात विखुरलेल्या असतील, तर एक पान खाली सरकण्यासाठीही हजारो नोंदी वाचल्या जातात.

रेंज इंडेक्सच्या क्रमाने सलग असेल, तर ‘सेट की टू रेंज’ ही कमांड वापरावी. सेट ऑर्डरने टॅग निवडल्यावर सुरुवातीचे आणि शेवटचे मूल्य स्वल्पविराम देऊन लिहावे, उदाहरणार्थ मखाते + ‘२०२५०४०१’, मखाते + ‘२०२६०३३१’, आणि लगेच गो टॉप द्यावे. ग्रिडला मग तेवढाच भाग दिसतो, आणि तो इंडेक्समधूनच कापलेला असल्यामुळे पुढे-मागे सरकताना अडखळत नाही. मर्यादा काढायची असेल तेव्हा मूल्य न देता नुसते ‘सेट की टू’ लिहावे. एसक्यूएल सिलेक्टवर सेट फिल्टर किंवा सेट की यांचा काहीही परिणाम होत नाही, कारण ती क्वेरी टेबल स्वतंत्रपणे उघडून वाचते. ग्रिडमधील आणि छापील रिपोर्टमधील बेरीज जुळत नाही अशा तक्रारींचे मूळ कित्येकदा एवढेच असते.

इंडेक्समध्ये तारीख डीटीओसीने घातली तर काय होते?

गोंधळ होतो. डीटीओसी तारीख आपल्याला वाचायला सोयीची, म्हणजे ०१/०४/२०२५ अशी करून देते. अक्षरांच्या क्रमात प्रथम दिवस, मग महिना आणि शेवटी वर्ष तपासले जाते, त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या १ तारखा एकत्र, २ तारखा एकत्र अशी मांडणी होते. ०१/०४/२०२५ ते ३०/०४/२०२५ ही रेंज मागितली, तर १५/०८/२०२५ ही नोंदसुद्धा अक्षरक्रमाने तिच्या आतच पडते. शिवाय डीटीओसीचे उत्तर सेट डेट आणि सेट सेंच्युरी या सेटिंगांवर अवलंबून असते. एका संगणकावर वर्ष चार आकडी आणि दुसऱ्यावर दोन आकडी असेल, तर एकाच इंडेक्समध्ये दोन तऱ्हांची मूल्ये शिरतात.

डीटीओएस कोणत्याही सेटिंगमध्ये २०२५०४०१ असेच, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आठ अक्षरी उत्तर देते. मजकुराबरोबर जोडायचे असेल तेव्हा तेच वापरावे. तारीख एकटीच असेल तर तिचे रूपांतरच करू नये. थेट तारीख फील्डवर इंडेक्स करावा. कोऱ्या तारखांच्या नोंदी सर्व तारखांच्या आधी येतात, हेही ध्यानात असावे. ‘३१ मार्चपर्यंतच्या सर्व’ असे मागितले की त्या आपोआप आत येतात.

१ ते ९९ मधील खाती मागितली तर भलतीच खाती का येतात?

कारण खाते क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला आहे आणि त्याच्या सुरुवातीला शून्ये नाहीत. मजकुराच्या क्रमात १, १०, १००, १०१, ११, २ अशी रांग लागते आणि ‘१००’ ते ‘२००’ या रेंजमध्ये ‘१०००’ सुखाने बसतो. खाते उघडतानाच पॅडएल वापरून ००००१२ असे सहा अंकी रूप करावे. जुन्या नोंदी एकदाच दुरुस्त करून घ्याव्यात. खाते क्रमांक आकडी फील्डमध्ये असेल आणि तो तारखेशी जोडायचा असेल, तर आकड्याचा मजकूर करणाऱ्या स्ट्र फंक्शनला रुंदी ठरवून द्यावी. आकडा ऋण होऊ शकत असेल, तर स्ट्र उपयोगाचे नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये त्यासाठी बिनटूसी आहे.

ऑलट्रिम इंडेक्सच्या सूत्रात कधीही घालू नये. मोकळ्या जागा छाटून जोडल्या की ‘१२’ आणि ‘३’ यांचे ‘१२३’ होते, तसेच ‘१’ आणि ‘२३’ यांचेही ‘१२३’च होते. दोन वेगळी खाती एकाच मूल्यावर येऊन बसतात आणि एकमेकांच्या रेंजमध्ये घुसतात. जोडाचा प्रत्येक भाग ठराविक लांबीचा असावा आणि एकूण लांबी २४० बाइटच्या आत राहावी. ‘मशीन’ हा नेहमीचा सोडून दुसरा कोलेशन क्रम, म्हणजे अक्षरे लावण्याचा क्रम, निवडला तर ही मर्यादा निम्मी होते.

पिनकोड ४२२ ने सुरू होणारे सगळे ग्राहक म्हणजे नाशिक जिल्हा, असे धरावे का?

हा प्रश्न फॉक्सप्रोचा नाही, पण जिल्हावार यादी काढताना तो हमखास येतो. ४२२००१ ते ४२२९९९ ही रेंज इंडेक्सवरून क्षणात निघते आणि चुकीची निघते. संगमनेरचा ४२२६०५ हा पिनकोड तिच्यात येतो, पण संगमनेर तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. मनमाडचा ४२३१०४ आणि मालेगावचा ४२३२०३ हे नाशिक जिल्ह्यातले असूनही बाहेर राहतात. पिनकोडची रचना टपालाच्या वाटपासाठी आहे, जिल्ह्याच्या हद्दीसाठी नाही. जिल्हा हवा असेल तर जिल्ह्याचे वेगळे फील्ड ठेवावे आणि त्यावर इंडेक्स करावा. नोंदी इंडेक्समध्ये सलग आल्या म्हणून त्या अर्थानेही एका गटातल्या असतात असे नाही.

एमएच १५ पासिंगच्या सर्व गाड्या कशा काढाव्यात?

वाहन क्रमांकावर इंडेक्स असेल आणि सेट एक्झॅक्ट ऑफ असेल, तर सीक ‘एमएच१५’ एवढे दिल्यावर त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पहिल्या गाडीवर पॉइंटर जातो. पुढे पहिली चार अक्षरे ‘एमएच१५’ असेपर्यंत स्कॅन-व्हाइल चालवावा. मालेगावच्या एमएच ४१ च्या गाड्या त्याच रीतीने वेगळ्या निघतात. एक्झॅक्ट ऑन असेल तर हा अर्धा शोध लागत नाही. काट्यावर बसलेल्या माणसाने कधी ‘एमएच १५’, कधी ‘एमएच-१५’, कधी लहान लिपीत असे लिहिले असेल, तर गाड्या इंडेक्सभर विखुरतात. याला उपाय नोंद भरतानाचाच : मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून, सर्व अक्षरे मोठ्या लिपीत करूनच क्रमांक साठवावा.

मराठी नावांची यादी ‘क’ ते ‘घ’ अशी का निघत नाही?

फॉक्सप्रोला युनिकोड समजत नाही. त्याच्या मजकूर फील्डमध्ये एका अक्षराला एक बाइट असतो. जुन्या मराठी प्रोग्रॅमांत नावे दोनपैकी एका रीतीने साठवलेली असतात, आणि आपल्याकडे कोणती आहे हे आधी पाहावे लागते.

इस्की सांकेतिकीत, म्हणजे भारतीय मानक १३१९४ (१९९१) प्रमाणे नावे असतील, तर बाइटांचा क्रम बऱ्याच अंशी वर्णमालेप्रमाणेच असतो. उच्चारक्रमानेच अक्षरे साठवली जात असल्याने ‘क’ ते ‘घ’ ही रेंज सलग निघते. जोडाक्षरे थोडी मागेपुढे होतात, पण काम चालते.

फॉन्टमध्ये बांधलेल्या सांकेतिकीत मात्र अक्षराची आकृती साठवलेली असते, उच्चार नव्हे. ‘किरण’ लिहिताना डोळ्याला आधी दिसणारी पहिली वेलांटी फाइलमध्येही आधी जाते आणि ‘क’ तिच्यामागून येतो. मग किरण, दिलीप, नितीन, विलास ही सगळी नावे वेलांटीच्या गठ्ठ्यात एकत्र पडतात आणि ‘क’च्या रेंजमध्ये फक्त कमल, कृष्णा, केशव अशी नावे उरतात. ‘र’ जोडलेल्या अक्षरांचेही असेच हाल होतात. येथे कोणताही कोलेशन क्रम मदत करत नाही, कारण प्रश्न क्रमाचा नसून साठवणीचा आहे. व्यवहार्य मार्ग एवढाच की नावाशेजारी क्रमासाठी एक वेगळे फील्ड ठेवावे, नोंद साठवताना त्यात उच्चारक्रमाने मांडलेले किंवा रोमन लिपीतील रूप भरावे आणि इंडेक्स त्या फील्डवर करावा. पतसंस्थेच्या सभासद यादीसारख्या कामात हा खटाटोप टाळता येत नाही. आडत पेढीत बहुतेक वेळा खाते क्रमांकावर भागते.

रशमोर म्हणजे काय, आणि सीक-स्कॅनऐवजी एसक्यूएल सिलेक्ट केव्हा वापरावे?

रशमोर हे तंत्र १९९१ च्या फॉक्सप्रो २.० बरोबर आले, म्हणजे मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याआधीच. अटीतील प्रत्येक भागासाठी जुळणारा इंडेक्स असल्यास ते इंडेक्समधूनच जुळणाऱ्या नोंदींचे टिपण तयार करते, ती टिपणे एकमेकांशी ताडून पाहते आणि शेवटी उरलेल्याच नोंदी टेबलातून उचलते. अट आणि इंडेक्सचे सूत्र मात्र तंतोतंत जुळावे लागते. इंडेक्स अपर(नाव) वर असेल तर अटीतही अपर(नाव) हवे, नुसते नाव चालत नाही. ‘खाते + डीटीओएस(तारीख)’ हा एकच टॅग असेल, तर ‘तारीख अमुक ते तमुक’ या अटीला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. तारीख फील्डवर स्वतंत्र टॅग लागतो. इंडेक्स करतानाच फॉर अट घातलेली असेल, तर तो इंडेक्स रशमोर वापरत नाही. आणि व्हाइल लिहिले की रशमोर बाजूला होते.

एका खात्याचा उतारा, एका दिवसाची रोजकीर्द अशा सलग रेंजसाठी सीक आणि स्कॅन-व्हाइलच घ्यावे. नोंदी क्रमानेच येतात आणि त्या पुन्हा लावाव्या लागत नाहीत. एप्रिल ते जूनमधील, उन्हाळ कांद्याच्या, ठराविक भावाच्या वरच्या, तीन ठराविक गावांच्या पट्ट्या अशी चार अटींची मागणी असेल, तर एसक्यूएल सिलेक्ट लिहावे आणि क्रम ऑर्डर बायवर सोपवावा. सिस(३०५४, १) चालू केले की क्वेरी पूर्ण, अंशतः की मुळीच अनुकूलित झाली नाही हे स्क्रीनवर उमटते. अंदाज बांधण्यापेक्षा ते पाहावे. साधी, पूर्ण अनुकूलित क्वेरी कधीकधी नवा कर्सर, म्हणजे तात्पुरते टेबल, न करता मूळ टेबलालाच फिल्टर लावून देते. निकालावर पुढे काम करायचे असेल तर नोफिल्टर किंवा रीडराइट लिहावे.

सेट डिलीटेड ऑन असेल तर खोडलेल्या नोंदी वगळणे ही रशमोरच्या दृष्टीने आणखी एक अट ठरते. डिलीटेड फंक्शनवर टॅग असल्यास तीही इंडेक्समधून सुटते. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये त्यासाठी आटोपशीर बायनरी इंडेक्स मिळतो. संथ नेटवर्कवर मोठ्या टेबलासाठी हा टॅग वाचण्याचाच खर्च जास्त होऊ शकतो, म्हणून आपल्या नेटवर्कवर दोन्ही प्रकारे मोजून मग ठरवावे.

खात्याची शेवटची पट्टी कशी काढावी?

नियर ऑन करून मखाते + ‘९९९९१२३१’ शोधावे, एक पाऊल मागे यावे, म्हणजे स्किप -१, आणि जेथे थांबलो ते खाते आपलेच आहे याची खात्री करावी. खाते टेबलातील शेवटचे असले तरी ही रीत चालते, कारण टेबलाच्या शेवटावरून एक पाऊल मागे आले की शेवटची नोंद मिळते. त्या खात्यावर एकही पट्टी नसेल तर मागचे दुसरेच खाते हाती येते. म्हणून ती शेवटची खात्री गाळू नये.

रेंजमधील नोंदींची तारीख लूपमध्येच बदलली. काही नोंदी दोनदा बदलल्या, काही सुटल्या. असे का?

आपण ज्या इंडेक्सच्या क्रमाने चालत आहोत, त्याच इंडेक्सचे मूल्य रिप्लेसने बदलले की नोंद लगेच नव्या जागी जाते. ती पुढे गेली तर स्कॅन तिला पुन्हा गाठतो. हद्दीबाहेर गेली तर पुढची नोंद आता तिच्या नव्या जागेवरून ठरते, व्हाइलची अट तुटते आणि मधल्या नोंदी सुटतात. हा दोष एकट्या फॉक्सप्रोचा नाही. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातील संशोधकांना तो १९७६ मध्ये हॅलोवीनच्या दिवशी आढळला : २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असणाऱ्यांना १० टक्के वाढ देणारी क्वेरी, प्रत्येकाचा पगार २५,००० च्या वर जाईपर्यंत त्याच माणसांना पुन्हा पुन्हा वाढ देत राहिली. तेव्हापासून या प्रकाराला हॅलोवीन प्रॉब्लेम असेच म्हणतात.

उपाय सरळ आहे. रेंजमधील नोंद क्रमांक आधी कर्सरमध्ये किंवा ॲरेमध्ये गोळा करावेत, सेट ऑर्डर टू ० करावे आणि मग एकेक नोंद बदलावी. किंवा सरळ एसक्यूएल अपडेट वापरावे.

सर्व पट्ट्या टेबलात दिसतात, पण रेंजमध्ये काही येत नाहीत. कोठे पाहावे?

पहिली शक्यता : इंडेक्स युनिक प्रकारचा आहे. फॉक्सप्रोत युनिक इंडेक्स दुबार नोंद अडवत नाही. सारख्या मूल्याची पहिली नोंद तेवढी इंडेक्समध्ये ठेवतो आणि बाकीच्या गाळतो. एका खात्याच्या एकाच दिवशी तीन पट्ट्या झाल्या असतील, तर दिसते एकच. दुबार नोंद खरोखर अडवायची असेल तर कँडिडेट इंडेक्स करावा.

दुसरी शक्यता जुन्या प्रोग्रॅमांत आढळते. टेबलाच्याच नावाची सीडीएक्स फाइल टेबलाबरोबर आपोआप उघडते, पण सुट्या आयडीएक्स फाइल आपोआप उघडत नाहीत. एखाद्या प्रोग्रॅमने आयडीएक्स न उघडता नोंदी भरल्या, तर त्या इंडेक्सला त्यांची खबरच नसते.

तिसरी शक्यता म्हणजे नोंद साठवताना वीज जाणे. टेबलात नोंद पोहोचते, इंडेक्सचे पान अर्धवट राहते. अशा वेळी रीइंडेक्सवर विसंबू नये, कारण ती कमांड टॅगची माहिती त्याच बिघडलेल्या फाइलच्या मथळ्यातून वाचते. टेबल एक्सक्लूझिव्ह उघडून जुने टॅग काढून टाकावेत आणि प्रत्येक टॅग त्याच्या सूत्रासह नव्याने बांधावा. यासाठी सर्व सूत्रे असलेला एक लहान प्रोग्रॅम प्रत्येक ठिकाणी तयार ठेवावा. टेबल डेटाबेसचा भाग असेल तर प्रायमरी इंडेक्स आणि टेबलांमधील नाती पुन्हा जोडावी लागतात, तेही त्याच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावे.

३१ मार्चच्या दुपारच्या नोंदी आर्थिक वर्षाच्या रिपोर्टमध्ये का येत नाहीत?

फील्ड डेटटाइम, म्हणजे तारीख आणि वेळ एकत्र साठवणाऱ्या, प्रकारचे आहे म्हणून. नुसती तारीख डेटटाइमशी ताडताना तिची वेळ मध्यरात्रीची धरली जाते. त्यामुळे ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणजे ३१ मार्च सुरू होण्याच्या क्षणापर्यंत. वरची हद्द नेहमी ‘१ एप्रिलपेक्षा कमी’ अशी लिहावी.

नव्या डेटाबेसकडे जाताना या पद्धतींचे काय होते?

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ हे २००४ मध्ये आले, तेच शेवटचे, आणि त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार १३ जानेवारी २०१५ रोजी संपला. ३२ बिटचे असल्याने ते ६४ बिट विंडोजवरही चालते, मात्र टेबलाची २ जीबीची मर्यादा काही केल्या हलत नाही. पट्ट्यांचे टेबल दीड जीबीच्या पुढे गेले असेल, तर हलवण्याचा निर्णय लांबवू नये.

पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू नोंद, सीक, स्किप असे काही नसते. रेंज सगळी व्हेअरच्या अटीत लिहावी लागते आणि क्रम ऑर्डर बायने मागावा लागतो. तो न मागता नोंदी क्रमाने येतील असे धरून चालणे धोक्याचे आहे. जोड-इंडेक्सचे सूत्र मात्र तसेच राहते. आधी बरोबरीची अट असलेला कॉलम, म्हणजे खाते, आणि मग रेंजची अट असलेला कॉलम, म्हणजे तारीख, असा इंडेक्स करावा. डीटीओएसने जोडलेली मजकुराची किल्ली नव्या टेबलात नेऊ नये, कारण तेथे दोन कॉलम स्वतंत्र ठेवूनच इंडेक्स होतो. अटीत तारखेवर फंक्शन लावू नये; ‘वर्ष(तारीख) = २०२५’ असे लिहिले की साधा इंडेक्स बहुधा बाजूला पडतो, ‘१ जानेवारी २०२५ पासून, १ जानेवारी २०२६ च्या आत’ असे लिहिले की तो वापरता येतो. आणि हलवण्याआधी खाते क्रमांकांतील मोकळ्या जागा, कोऱ्या तारखा व फॉन्टमध्ये अडकलेली नावे फॉक्सप्रोमध्येच साफ करून घ्यावीत. कोरी तारीख नव्या डेटाबेसमध्ये सहसा नल, म्हणजे मूल्यच नसलेली, होते, आणि नल कोणत्याही रेंजमध्ये येत नाही. जुन्या रिपोर्टमधील आरंभीची शिल्लक नव्या रिपोर्टशी जुळेनाशी होते ती बऱ्याचदा येथूनच.